परक्या यंत्राची हाक

६ मार्च १९०५
इथल्या कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावरच्या संदेश-ठाण्यातला बिनतारीवाला डिगरी आज पुन्हा हसला. "मास्तर, तुम्ही चावी दाबत नाही, तिला तेल चोळता!" आखूड कट्ट, लांब कडकट्ट — एवढ्यात सगळी अक्षरं. एक अक्षर वाचलं तरी हरखणाऱ्या आपल्या सूत्रकारांना आवडलं असतं. माझ्या बोटांना आवडत नाही. पण शिकणारच! नुसतं बघून पुण्याच्या वर्तमानपत्राला काय लिहू?

९ मार्च
खांबावर तार, तिच्यातून ठिणगीचा कडकडाट, आणि दूर समुद्रात कुणाच्या तरी कानात टिकटिक. मधे काही नाही! शब्द हा आकाशाचा गुण — पाठशाळेत घोकलं, कॉर्नवॉलमध्ये ऐकलं.
पण या आकाशालाही सोवळं आहे. परक्या कंपनीच्या यंत्राला उत्तर द्यायचं नाही. डिगरी म्हणाला, "ऐकू येतं हो. पण आलं नाही असं बसायचं. पगार त्याचाच."

१४ मार्च
धुकं. घरमालकीण केझाया मावशींचा मुलगा जोरी उद्या येतोय. तो जहाजाच्या भट्टीवर असतो. जहाजावर यंत्र आहे — परक्या कंपनीचं.

१५ मार्च
धुकं आणखी दाट. ठाण्यावर गेलो तर मावशी डिगरीपुढे उभ्या. जोरीचं जहाज हाका मारत होतं. किनारा किती लांब, त्यांना कळेना.
"उत्तर दे, मेल्या!"
"मावशी, नोकरी जाईल. चावीवरचा माझा हात साऱ्या ठाण्यांना ओळखू येतो."
"आणि माझं पोर खडकावर गेलं म्हणजे?"
डिगरीनं कानावरचं यंत्र काढून टेबलावर ठेवलं. माझ्याकडे पाहिलं. "खांबाचे दोर बघून येतो, मास्तर. वेळ लागेल." गेला!
मी चावीवर बसलो. 'किनारा जवळ. थांबा.' चुकलं. पुन्हा. पुन्हा चुकलं. पुन्हा!
"हात आवरू नका हं," मावशी मागून.
आवरला नाही. मनगट पेटलं, तरी नाही.
डिगरी परतला, यंत्र कानाला लावलं. बराच वेळ ऐकत राहिला. "गप्प झालेत."
मावशी शाल घेऊन धक्क्याकडे निघाल्या.

१६ मार्च
जोरी आला! धडधाकट. म्हणतो, "आमच्या यंत्रवाल्याला एक अक्षर लागलं नाही, मास्तर. नुसती खडखड, दर वेळी आधीपेक्षा मोठी. कप्तान म्हणाला, कोण बावळट आहे देव जाणे, पण अगदी जवळ आहे, म्हणजे किनाराही — इंजिनं बंद करा!"