बाबांची पाठ

सावेडी, अहिल्यानगर

प्रिय वृषाली,

तू पोस्टाने पाठवलेला अंक मिळाला. आत चिठ्ठी असेल म्हणून पाकीट दोनदा झटकलं. नव्हती. अंक आधी देवापुढे ठेवला, मग तुझी गोष्ट वाचली. छापलेलं तुझं नाव पाहून बरं वाटलं, पण पुढे वाचवेना.

साखरेनं तुझ्या बाबांची नजर पार गेली, हे मामाकडून कळलंच असेल. नागापूरच्या कंपनीत सुताएवढा फरक नुसत्या नजरेनं धरणारा माणूस आता ताटातली भाजी चाचपडतो. रोज संध्याकाळी मी त्यांना पोथी वाचून दाखवते. त्या दिवशी पोथी मिटली, तर म्हणाले, पोरीचं छापून आलंय म्हणं, ते वाच की.

तू लिहिलंयस, बाबांनी माझ्या कॉलेजच्या फॉर्मवर सही केली नाही, पाठ फिरवून बसले, मी पिशवी उचलली तरी वळले नाहीत. सगळं खरं आहे, मी तिथंच चुलीपाशी होते. पण आता वाचताना ते माझ्यासमोर मांडी घालून, हात जोडल्यासारखे बसलेले. माझ्या तोंडून निघालं, 'मी माझ्या लेकीच्या फॉर्मवर सही केली नाही.'

वाटलं, एवढा एक शब्द इकडचा तिकडे केला की भागेल. भागलं नाही गं. बाबा पाठ फिरवून बसले म्हटलं की ऐकणाऱ्याला नुसती पाठ दिसते. मी पाठ फिरवून बसलो म्हटलं, तर तोंड कुठं होतं ते सांगावं लागतं. मग सांगत गेले. तोंड भिंतीकडे होतं, आणि डोळ्यांपुढे सोनई गावच्या घरातली ह्यांची धाकटी बहीण भागीरथी होती. शिकायला वसतिगृहात गेली आणि तापानं तिथंच गेली. ही गोष्ट सासूबाईंनी मला एकदाच सांगितली होती, ह्यांनी कधीच नाही. मी अंदाजानं जोडली. ऐकून ते म्हणाले, भागीचं पोरीला कुणी सांगितलं? मी तर कुणापाशी बोललो न्हाई. लई बारीक बघते पोर.

पोथीतला काना-मात्रा मी कधी बदलला नाही, खर्चाच्या वहीत खाडाखोड नाही, आणि लेकीच्या गोष्टीत एवढी भर घातली. देवापुढे कान धरले. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच वाच म्हणाले. आता त्यांना पाठ झालीय. एखादा शब्द सुटला तर मलाच टोकतात. तुझ्या गोष्टीत काय आणि माझ्या वाचण्यात काय, मी मात्र चुलीपुढे भाकरीच थापतेय. माझ्या बाजूनं सांगायला बसले तर सुरुवातच सुचत नाही.

पत्राचं कारण आता लिहिते. तू गेल्यापासून सहा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी तुझं नाव घेऊन सांगितलं, वृषालीला पाडव्याला बोलव, गोष्ट तिच्याच तोंडून ऐकायचीय. खरं सांगायला माझी जीभ उचलत नाही. आणि माझं खोटं तू वाच, असं तुला कुठल्या तोंडानं म्हणू? ये एवढंच म्हणते. पहिला शब्द 'बाबांनी' वाचायचा की 'मी', ते तुझं तू ठरव. या खेपेला मी भाकऱ्या थापायला आत जाणार नाही. तुमच्या दोघांच्या मध्ये बसेन.

तुझीच,
आई