मागची खोली वेळेत पूर्ण

२ मार्च
सासूबाईंच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. जिना चढणं बंद. पंधरा तारखेला घरी येणार, तोवर खालची, मागची अडगळीची खोली त्यांच्यासाठी तयार हवी. काम मी घेतलं. यांच्यावर सोपवलं असतं तर झालंच होतं.

४ मार्च
लेक ऑफिसात प्रोजेक्ट सांभाळते. फोनवर म्हणाली, आधी डिलिव्हरेबल ठरव. म्हणजे शेवटी ज्याच्या हाती जे सोपवायचं ते. त्यानं ते घेतलं तरच काम पूर्ण; आपण किती राबलो ते कुणी विचारत नाही. मला चटकन समजलं. मॅट्रिक काय उगीच झाले? लिहून ठेवलं : डिलिव्हरेबल – खोली.

५ मार्च, सकाळ
देवापुढे दिवा लावून सुरुवात. टाकायचं सामान वेगळं काढलं. एक फुटकी बादली.

संध्याकाळ
बादली परत आत. कुंडी होईल.

८ मार्च
भंगारवाला आला. त्याला चहा दिला, सामान दिलं नाही. त्याच्या भावात वस्तूंचा अपमान होता.
यांनी विचारलं, पलंग कुठे मावणार. म्हटलं, आधी शिस्त, मग पलंग. पुरुषांना एकदम शेवटाचीच घाई.

११ मार्च
पूजेत देवानं सुचवलं : टाकायचं नाही, लावायचं. किराणावाल्याकडून खोकी आणली, फुकट. प्रत्येकावर चिठ्ठी. 'जुनी पांघरुणं, उबदार'. 'झाकणं'. 'बिनझाकणाचे डबे'. 'सुतळी, कामाची'. 'सुतळी, फार लहान'.
हे डोकावून म्हणाले, पलंग? दार लोटून घेतलं. लक्ष विचलित होतं.

१४ मार्च
पूर्ण. एक दिवस आधीच. खोकी छताला टेकलीत, पण एका रेषेत. लेकीला फोटो पाठवला. लगेच फोन : "आई, आजी झोपणार कुठे?"
हल्लीच्या मुलांना दुसऱ्याचं झालेलं काम बघवत नाही.

१५ मार्च
सासूबाई आल्या. वॉकर धरून दारातच थांबल्या; पुढे जागा नव्हती. एकेक चिठ्ठी सावकाश वाचली. मग म्हणाल्या, "छान लावलंयस गं. माझं खोकं कुठलं?"
यांनी शेजाऱ्यांना बोलावून आमचा पलंग वरून बैठकीत उतरवला. त्या तिथे निजल्या. आम्ही वर, फरशीवर.
हे म्हणाले, पाठीखाली घालायला काही आहे का. आहे की. कुठे ते मला शोधावंही लागलं नाही. सगळ्यात खालच्या खोक्यात.