कानाला लागलेलं बोट

ट्रॉय, मिशिगन
९ मार्च २०२५

ती. शरयूताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पाकीट परवा मिळालं. तुझी भावजय रेखा हिने ते हातात घेऊन गरम लागतंय असं जाहीर केलं, म्हणजे आत राजकारण असणार हे ठरलंच. आठ वर्षांपूर्वी आपण दोघं फोनवर निवडणुकीवरून इतके भांडलो की तीन महिने अबोला धरला. तेव्हा तिनेच हा तह घडवून आणला: फोनवर फक्त तब्येत आणि पाककृती, राजकारण टपालाने आणि तेही पाच ओळींत. तिकीट चिकटवेपर्यंत निम्मा राग उतरतो हे तिचं म्हणणं खरं निघालं. माझ्या पाच ओळी शेवटी आहेत.

आधी आनंदाची बातमी. येत्या एक जूनला मी पंचाहत्तर पूर्ण करतो. आपल्या पिढीतली निम्मी माणसं एक जूनलाच जन्मली, त्यामुळे इथल्या मंडळात सहा जणांचा मिळून एकच केक असतो आणि फुंकर मारताना धक्काबुक्की होते. पण यंदाचा आनंद केकचा नाही. आठ जूनला पिकलबॉलची, म्हणजे आमच्या त्या बॅटच्या छोट्या टेनिसची, मोठी स्पर्धा आहे आणि मी व हॅल पंचाहत्तरच्या वरच्या गटात उतरतो आहोत. सत्तरीच्या गटात तीन वर्षं आम्हाला सत्तर-एकाहत्तरची पोरं बडवत होती. आता त्या गटातला सगळ्यात तरुण खेळाडू मी असेन. मेडल नक्की.

हॅलबद्दल मागे लिहिलं होतं. मोटारीच्या कारखान्यात साचे बनवायचा, माझ्यापेक्षा वर्षाने मोठा, डावरा, कानाने कमी ऐकणारा. व्हिएतनामला जाऊन आला आहे. तो जुलैत ॲरिझोनाला मुलीकडे कायमचा जाणार, तेव्हा आमची ही शेवटची स्पर्धा. चाळीस वर्षं इथे राहून मला शेजारी पुष्कळ मिळाले, पण मित्र म्हणावा असा हा एकच.

पाच ओळी: इथे विमानात सैनिकांना आधी चढू देतात आणि लोक टाळ्या वाजवतात. हॅल म्हणतो, व्हिएतनामला जाताना मला सगळ्यात शेवटी चढवलं असतं तरी माझी तक्रार नव्हती. युद्धावर जोरजोरात बोलणारे तुझ्या पक्षातही आहेत आणि माझ्याही, पण त्यांची स्वतःची मुलं त्या रांगेत मला कधी दिसली नाहीत. याला उत्तर दे.

रेखाचा नमस्कार. लोभ आहेच, तो वादातही टिकावा.

तुझा,
सुमंत


अर्विंग, टेक्सस
२१ मार्च २०२५

चि. सुमंतास,
अ. उ. आ.

उत्तर देत नाही, कारण या वेळी तुझं बरोबर आहे. हे वाक्य कापून जपून ठेव, पुन्हा मिळणार नाही.

इथे सगळं क्षेम. माझी नात नैना शाळेच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवते, म्हणून गेल्या मोसमात दर शुक्रवारी फुटबॉलला गेले. शाळेच्या पोरांच्या सामन्याला पंधरा हजार माणसं. आपली निम्मी बार्शी त्यात बसली असती. नाव फुटबॉल आणि चेंडूला पाय लागणार चार वेळा. पण तुला म्हणून सांगते, ऐंशीव्या वर्षी मी उभी राहून ओरडते आणि घसा बसला की सून आल्याचा चहा करून देते. म्हातारपणात ओरडायला एक जागा हवी. पूर्वी तू होतास, तहानंतर फुटबॉल आहे.

आता मुद्द्याचं. अरे गाढवा, तू पंचाहत्तरचा नाहीस. तुझा जन्म त्रिपुरी पौर्णिमेचा, सन एक्कावन्न. अंगणात पणत्या लावत होते आणि आतून तुझा आवाज आला, सहा वर्षांची होते मी. एक जून पन्नास ही तारीख शाळेच्या दाखल्यातली. पासपोर्ट, नोकरी, निवृत्ती सगळं त्यावर झालं, कागदाला कागद जुळला, त्याबद्दल मी काही म्हणत नाही. पण खेळात समोर खराखुरा पंचाहत्तरचा म्हातारा उभा असणार आणि तू त्र्याहत्तरचा. हे बरं दिसत नाही. निदान हॅलला सांग.

पाच ओळी: सत्तरीला बाळाच्या शिरेत सुई घालताना माझा हात थरथरला, त्याच आठवड्यात मी दवाखाना सोडला. कोणी सांगायला लागलं नाही. राजधानीतल्या दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांना मात्र खुर्ची सोडा म्हणून सांगायला नातवंडं नाहीत की काय? वय झालं हा गुन्हा नाही, ते लपवणं वाईट. किंवा वाढवणं.

रेखाला आशीर्वाद. माया आहे म्हणून कान धरते.

तुझी,
शरयूताई


ट्रॉय
६ एप्रिल २०२५

ती. शरयूताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या पत्राने माझा आठवडा वाया गेला. खरं सांगू, मी विसरलोच होतो. सत्तर वर्षं ज्या तारखेने हाका मारल्या तीच माझी झाली. आणि चूक कोणाची? बाबा कायम म्हणायचे, गुरुजींनी आंधळेपणाने तारीख ठोकली. मग त्यांना जाब विचार. मी कशाला हॅलचा विरस करू?

तू हॅलला पाहिलेलं नाहीस. गुडघ्याला पट्टा बांधून तो रोज सकाळी आठला कोर्टवर हजर असतो. परवा बाकावर बसून म्हणाला, आयुष्यात मला पदकं मिळाली ती सगळी नको असलेल्या कामाची, एक तरी हसत खेळत मिळवलेलं हवं आहे. आता मी त्याला काय सांगू, की मित्रा, माझ्या जन्मात घोळ आहे?

तू लांब टेक्ससमध्ये बसून न्यायाधीश झाली आहेस. तुझं यात काय गेलं? तुझी जन्मतारीख तर बाबांनी स्वतः डायरीत लिहिलेली, अगदी घड्याळाच्या काट्यासकट.

राजकारणाच्या ओळी आज लिहीत नाही, यावरून राग किती ते ओळख. तरी लोभ कमी झाला असं समजू नये.

सुमंत


अर्विंग
१९ एप्रिल २०२५

चि. सुमंतास,
अ. उ. आ.

तुझा राग पोचला. माझं काय गेलं म्हणून विचारतोस, तर ऐक. हे मी उभ्या संसारात विवेकरावांनासुद्धा कधी सांगितलं नव्हतं आणि आता ते नाहीत.

छप्पन सालचा जून. आई विषमज्वराने अंथरुणाला खिळलेली. तुला सांभाळायला घरात कोणी नाही, म्हणून बाबा म्हणाले, शरयूने यंदा घरी बसावं, पुढच्या वर्षी बघू. शेजारच्या शोभालाही असंच एका वर्षासाठी बसवलं होतं. ती पुन्हा शाळेत दिसली नाही. मी अकरा वर्षांची होते, पण एवढं मला कळत होतं.

दुसऱ्या दिवशी तुझा भांग पाडला आणि तुला घेऊन शाळेत गेले. गुरुजींना म्हटलं, याला सहा पूर्ण झाली. त्या वेळची परीक्षा तुला ठाऊक आहे. डोक्यावरून हात नेऊन पलीकडच्या कानाला बोट लागलं तर मूल शाळेत घालायचं. तू साडेचार वर्षांचा, तुझा हात जेमतेम टाळूपर्यंत. गुरुजी रजिस्टर काढायला वळले तेवढ्यात मी तुझी मान वाकवली आणि कान असा ओढला की तो बोटापर्यंत आला. तू भोकाड पसरलंस. गुरुजी वळून हसले, लागलं बोट, म्हणाले आणि एक जून लिहून मोकळे झाले.

तू पहिलीत बसलास, म्हणून मी पाचवीत बसले. पुढे मॅट्रिक, मेडिकल कॉलेज, अमेरिका, चाळीस वर्षं लोकांची तान्ही बाळं या हातांनी तपासली, ते सगळं त्या ओढलेल्या कानावर उभं आहे. आणि बाबांनी जन्मभर गुरुजींना नावं ठेवली तेव्हा मी गप्प बसले. गुरुजी वारले तेव्हाही. तू त्या तारखेवर मेडल मिळवलंस तर ती लबाडी पुन्हा एकदा माझ्या नावावर चढेल रे. मला ती उतरवायची आहे. तुझा कान ओढल्याबद्दल माफ कर. शाळेत गेल्याचा मात्र पश्चात्ताप नाही, तेवढं खोटं बोलवत नाही.

हॅलला काय सांगायचं ते तू ठरव. मी पुन्हा विचारणार नाही. तू काहीही केलंस तरी माझी माया आहे तिथेच राहील.

शरयूताई


ट्रॉय
१५ जून २०२५

ती. शरयूताईस,
सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, कारण सगळं पार पडल्यावर लिहायचं ठरवलं होतं.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. मग रेखाने वाचलं आणि डोळे पुसत पोळ्या लाटायला गेली. दुसऱ्या दिवशी कोर्टच्या बाकावर हॅलला सगळं सांगितलं, कानासकट. त्याला ऐकू जावं म्हणून मोठ्याने सांगावं लागलं, त्यामुळे चारही कोर्टांना कळलं. तो बराच वेळ बुटाची नाडी बांधत राहिला. मला वाटलं, संपली मैत्री.

मग तो बोलला. एकोणसत्तरच्या डिसेंबरात त्यांच्या घरी टीव्हीवर सोडत लागली होती. काचेच्या बरणीतून जन्मतारखा काढत होते, ज्याची तारीख आधी निघेल तो आधी सैन्यात. हॅलची फार लवकर निघाली. आई कणीक मळत होती, तिने पिठाच्या हातानेच टीव्ही बंद केला. दोन घरं सोडून राहणारा त्याचा दोस्त त्याच्याहून दोन दिवसांनी लहान. त्याची तारीख शेवटी आली, तो घरी राहिला. हॅल म्हणाला, खरी तारीख असून माझं काय झालं ते बघ. एवढं बोलून त्याने मला एकच प्रश्न विचारला, त्या मुलीचं पुढे काय झालं?

मी सांगितलं, लहान मुलांची डॉक्टर झाली. तो म्हणाला, मग ती तारीख माझ्या तारखेपेक्षा चांगली होती. ताई, हे ऐकून मला बाकावरच रडू आलं आणि त्याची मला लाज वाटली नाही.

आम्ही सत्तरीच्या गटात नाव बदलून घेतलं. हॅल म्हणाला, पोरांकडून मार खायची सवय आहे. पहिला सामना जिंकलो. दुसऱ्यात एकाहत्तर वर्षांच्या दोन दांडगटांनी आम्हाला अकरा-नऊने घालवलं. मेडल नाही. पण शेवटचा एक गुण चौतीस फटके चालला, लोक उभे राहिले आणि रेखा तुझ्यासारखी ओरडली. तिचा घसा अजून बसलेला आहे. आल्याचा चहा मी करतो.

रेखाने जुनं पंचांग शोधून माझी तारीख काढली, तेरा नोव्हेंबर, मंगळवार. हॅलने ती आपल्या बॅटवर मार्करने लिहून घेतली. पुढच्या वर्षी नोव्हेंबरात मी खरा पंचाहत्तरचा होणार, म्हणून सत्तावीसच्या जूनमध्ये तो ॲरिझोनाहून परत येणार आहे. तोवर गुडघा बदलून घेतो म्हणाला. एखाद्या तारखेची आनंदाने वाट बघायची ही त्याची पहिलीच वेळ. तुलाही यायचं आहे. तेव्हा तू ब्याऐंशीची असशील, ही सबब चालणार नाही.

पाच ओळी: खुर्ची न सोडणाऱ्यांवर माझा एक उपाय आहे. निवडणुकीला उभं राहताना प्रत्येकाने गुरुजींसमोर उभं राहावं, डोक्यावरून हात नेऊन पलीकडच्या कानाला बोट लावावं. शेजारी बहीण उभी नको.

हे मी हॅललाही सांगितलं, तर त्याने लगेच करून बघितलं. त्याचा खांदा वर जाईना. मग मी केलं. माझा हात टाळूपर्यंत जाऊन थांबला, बरोबर छप्पन साली थांबला होता तिथेच. म्हणजे गुरुजींच्या नियमाने आम्हा दोघांनाही अजून सहा पूर्ण झालेली नाहीत. तू ये आणि कान ओढ.

तुझा, अजून शाळेत घालायचा राहिलेला,
सुमंत