दोन शिक्के आणि पाचवा नियम

प्रिय ताई,

तुला आणि भावजींना धाकटीचा नमस्कार. तुझा गुडघा आणि त्यांचा खोकला आपापल्या जागी शांत असतील, अशी आशा. मी मजेत आहे. मालकीणबाईंनी महिनाअखेर खोली रिकामी करायला सांगितलंय, पण काळजी करू नकोस. मी पेट्या भरते, काहीतरी लागतं म्हणून पुन्हा उपसते. (आज चमचा तिसऱ्या पेटीत सापडला. तोवर चहा गार.)

तुला आमच्या घरवाटप खात्याची गंमत सांगायची होती. इतकी वर्षं कुणाला घर द्यायचं ते राजधानी ठरवायची आणि आम्ही खिडकीतून 'फाईल वर गेली आहे' एवढंच सांगायचो. फार सुखाचं वाक्य होतं गं. आता ते सगळे अधिकार शहराला मिळाले. मिळाले म्हणजे काय, तर पाकिटातून 'मंजूर' आणि 'नामंजूर' असे दोन शिक्के आले. साहेबांनी ते कुलपात ठेवले आणि सवयीने फायली राजधानीला धाडल्या. त्या परत आल्या. पुन्हा धाडल्या. शेवटी मी (कुठून बुद्धी झाली!) म्हणाले, "साहेब, आता वर म्हणजे आपणच." त्यांनी आधी छताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "एवढं कळतंय तर नियम तुम्हीच लिहा, बाई."

लिहिले. भाड्याच्या सात खोल्या पालथ्या घातलेल्या बाईला घराची गरज कळायची नाही तर कुणाला? पाचवा नियम तर सगळ्यांनी वाखाणला: ज्याच्या नावावर कुठेही घराचा वाटा असेल, त्याला घर नाही. मग सगळ्यांत जुना, नऊ वर्षं थांबलेला अर्ज आधी काढला. तो माझाच. आणि तुम्ही राहता त्या बाबांच्या घरात माझा अर्धा वाटा! साहेबांनी कुलूप उघडून 'नामंजूर'चा शिक्का माझ्याच हातात दिला. मी मारला. ठसा पुसट आला, म्हणून पुन्हा मारला.

अपील करता येतं. पण ते ऐकण्याचा अधिकारही आता शहराकडे, म्हणजे माझ्याच टेबलाकडे. काल मी स्वतःला पुढची तारीख दिली.

असो. मला काही नको.

तुझी,
धाकटी

ता. क. वाट्यावर पाणी सोडल्याचा कागद तुला पाठवणार होते. लिहिलाही, मग फाडला. त्या घरात अजून अर्धी मी आहे, हे माझ्याच नियमाने मला सांगितलं, आणि खरं सांगू, बरं वाटलं.

आणखी एक. वरच्या खोलीतलं तुझं शिलाई मशीन जिन्याखाली मावेल का? बसचे दोनच तास, मी रोज जाऊन-येऊन करीन. नाही म्हणायचा अधिकार पूर्णपणे तुझा. फक्त लवकर ठरव. पेट्या मघाशीच टेम्पोने निघाल्या, या पत्राच्या आधी पोचतील.