समुद्रदेवाचा नवा पुजारी

जपान, मेइजी सम्राटाचं दुसरं वर्ष, तिसरा महिना, चौथा दिवस

डोकं खाजतंय! पोरवयापासून वस्तरा फिरलेल्या डोक्यावर आता केस वाढवायचे — सरकारी हुकूम. अधिकारी काल बोटीने आला. म्हणाला, देव वेगळे, बुद्ध वेगळे. समुद्रदेवाच्या मागे बसलेली अकरा मुखांची लाकडी कान्नोन, बौद्धांची करुणेची मूर्ती, त्याच्या माणसांनी ओढून बाहेर काढली आणि किनाऱ्यावर जाळली. तिच्यामुळे देव बाटला होता म्हणे! आजवर दोघं एका छपराखाली नांदली. रोज पहाटे एकच हृदयसूत्र दोघांपुढे म्हटलं जायचं. तेव्हा नाही बाटला तो.

मी भिक्षू एजुन. आता पुजारी हामाकावा. नावही अधिकाऱ्यानेच ठेवलं. सगळ्यांसमोर मासा खायला लावला. खाल्ला. बरा लागला, याचीच लाज वाटते.

गेन्काई गुरुजींनी मात्र साफ नकार दिला. "या वयात केस वाढवून कुणाला दाखवू?" विहार पाडायला लागले तेव्हा काठी टेकत बाहेर पडले. माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही.

सातवा दिवस

गुरुजींचा ठावठिकाणा लागला. ओत्सुनेने आसरा दिलाय. ही विधवा, समुद्रातलं शेवाळ वाळवून विकते, जिभेने तिखट. तिचं खोपट देवळाच्या बरोबर खाली, किनाऱ्यावर.

वाटेत भेटली. "महाराज म्हणू की पुजारीबुवा? काय ते डोकं! कापणी झालेलं शेत बरं!" पोटभर हसली, मग आवाज खाली आणला. "खोकल्यातून रक्त पडतंय हो त्यांच्या. तुमची वाट बघतात."

माझा बाप बुडाला त्या वर्षी गुरुजींनीच मला उचलून आणलं. खाऊ घातलं, अक्षर शिकवलं. जन्मात एकच मागितलं — "मी जाईन तेव्हा कानाशी सूत्र म्हण." मी हो म्हटलं होतं. उद्या-परवा जायलाच हवं.

नववा दिवस

गावप्रमुख तोकुसाबुरो येऊन बसला. अठराव्याला सण, अधिकारी जातीने बघणार. सण नीट झाला नाही तर आपला देव उचलून पलीकडच्या गावात नेऊन बसवतील, अशी तंबी आहे.

"तेव्हा जपून असा, बुवा. तुम्हाला मयताच्या घरची सावलीसुद्धा नको. आणि कुणी गेल्याचं नुसतं कानावर आलं, तरी ऐकल्यापासून सुतक!"

मी म्हटलं, गुरुजी फार आजारी आहेत.

"ठाऊक आहे. पण देव गेला तर आम्ही समुद्रात कुणाच्या नावाने जायचं? सांगा ना!"

भिक्षूला सुतक नव्हतं. मढ्याशेजारी बसून जेवलोय मी.

दहावा दिवस

संध्याकाळी गेलो. खोपटाबाहेर शेवाळ वाळत घातलेलं, त्याच्या आड उभा राहिलो. आतून खोकला. आत गेलो आणि माझ्या देखतच प्राण गेला तर? सण, देव, गाव — सगळंच गेलं!

खोकला थांबला. आतून गुरुजींचा आवाज आला, "कोण आहे?"

चपला हातात घेऊन परत आलो. भित्रा! भित्रा!

बारावा दिवस

ओत्सुने निरोप घेऊन आली. थट्टा नाही, काही नाही, दारातूनच बोलली. "येऊ नको म्हणाले. सण नीट कर म्हणाले. राग नाही तुमच्यावर."

गुरुजींचा जीवच तेवढा मोठा! मी रडलो. बऱ्याच दिवसांनी भूक लागली.

तेरावा दिवस

ओत्सुने सांगून गेली, गुरुजी वाटीभर पेज प्यायले म्हणे. खोकला अगदी थांबलाय!

पंधरावा दिवस

देवापुढच्या तांदळाचे लाडू पाठवले. ओत्सुनेने पदरात घेतले, मान खालीच. किनाऱ्यावर बायका शेवाळ निवडत होत्या. मी जवळ गेलो तशा एकदम गप्प झाल्या. पूर्वी नावं ठेवायच्या, पाठीत शेवाळ फेकायच्या. पुजाऱ्याला जास्त मान असावा. मला काही हा मान मानवत नाही.

अठरावा दिवस

झाला सण! प्रार्थना नवी, शब्द नवे, अधिकाऱ्याने पाठ करून घेतलेले. पण मी चाल लावली हृदयसूत्राची. तोंड देवाकडे, आवाज खाली खोपटाकडे. गळा फाटेस्तोवर म्हटलं. शब्द नाही तरी चाल ओळखतील. कानाशी नाही, निदान कानावर तरी पडेल.

अधिकाऱ्याला काही कळलं नाही. आवाज चांगला आहे म्हणाला! बायका मात्र हुंदके देऊन रडल्या. तोकुसाबुरो जमिनीवरून डोकं उचलेचना. देव राहिला गावात. सकाळी गुरुजींकडे जाणार. आता कोण अडवतो!

एकोणिसावा दिवस

ओत्सुने खोपटाच्या दारातच उभी होती. गुरुजी अकराव्याच्या पहाटेच गेले. ऐकल्यापासून सुतक म्हणून सगळं गाव गप्प बसलं. पेज, निरोप — सगळं तिनेच रचलेलं. सूत्र बायकांनीच म्हटलं. जेवढं आठवलं तेवढं.

"मग ते खरं काय म्हणाले शेवटी?"

खूप विचारल्यावर म्हणाली, "आदल्या संध्याकाळी म्हणाले, 'बाहेर एजुन उभा आहे, दार उघड.' मी उघडलं. कुणीच नव्हतं हो. म्हाताऱ्याला भास झाला असेल."

आज ऐकलं. आजपासून सुतक.