मधली जाळी

मंगळवार, १४ मार्च

चि. मने,

अनेक आशीर्वाद. फोनवर तू मध्ये मध्ये बोलतेस आणि माझं सांगायचं राहून जातं, म्हणून कागद घेऊन बसलो. चौथी शिकलेल्या माणसाचं अक्षर आहे, सांभाळून घे. गुडघा बरा आहे. खोकला नाही. पाणी वेळेवर येतं.

एक तारखेपासून तुझी नवी नोकरी आणि तुझी छोटी दिवसभर माझ्याकडे, हे ऐकल्यावर मी काय केलं असेल? कात्र्या, सुया, टाचण्या सगळं वरच्या फळीवर टाकलं. खिडकीला दोरी बांधली. तिच्यासाठी एक उशी शिवायला घेतली आणि तिला चेहरा काढला, तो जरा तुझ्या आत्यासारखा आला. पण त्याचं मागाहून. आधी माशाचं सांगतो.

तुझा दादा बोटीवर जाताना त्याची माशांची टाकी माझ्याकडे ठेवून गेला, ती तू पाहिलीच आहेस. त्यातल्या काळ्या माशाला तो गल्पर म्हणतो, मी पोतडी म्हणतो. वीतभर अंग, त्यात अर्धं तोंडच. मिशा हलवत दगडाआड पडून असते, बघणाऱ्याला वाटावं, गरीब आहे बिचारी. पण आपल्याएवढा मासा अख्खा गिळते. चावत नाही, फाडत नाही. उशीच्या खोळीत गादी कोंबावी तसा आत घेते. म्हणून दादाने टाकीच्या मधोमध प्लास्टिकची जाळी खाचेत बसवून दिली. एका बाजूला पोतडी, दुसऱ्या बाजूला छोटीचा तो नारंगी मासा, टुकटुक. जाताना बजावून गेला, "बाबा, बाकी काही विसरा, जाळी काढायची नाही." मी म्हणालो, "मी काय कुक्कुलं बाळ आहे का?"

रविवारी सकाळी पाहतो तर टुकटुक नाही. टाकीखाली पाहिलं, कपाटामागे पाहिलं, चपलेतसुद्धा पाहिलं. आदल्या दिवशी वरच्या मजल्यावरचा वायरमन टाकीचा दिवा दुरुस्त करायला आला होता. त्याच्याशिवाय घरात कोणी आलेलं नाही. मी तसाच जिना चढलो आणि त्याच्या दारात ओरडलो, "मासा कुठाय?"

तो दाढी करत होता. "कसला मासा, काका?"

"नारंगी. माझ्या नातीचा."

"मी मासा नेऊन काय करू? बल्बच्या जागी लावू?"

त्याची बायको आतून हसली. मी आणखी चिडलो, नको नको ते बोललो. शेवटी तो फेसाच्या तोंडानेच खाली आला, टाकीत वाकून पाहिलं आणि हळूच म्हणाला, "काका, तुमचा चोर इथेच आहे."

पोतडी तळाशी पडली होती. पोट असं फुगलेलं की कातडी ताणून अस्तरासारखी पातळ झाली होती, आणि आतून नारंगी दिसत होतं. मधली जाळी जागेवर नव्हती.

दादाला फोन लावला, नशिबाने लागला. तो म्हणाला, "हात लावू नका. दिवा लावू नका. काच वाजवू नका. घाबरली तर ओकेल आणि त्यातच मरेल." मग म्हणाला, "पण जाळी काढली कोणी?"

वायरमन शेजारीच उभा होता. मी म्हणालो, "दिवा बसवताना वायरमनने काढली असेल."

तो गालावरचा वाळलेला फेस पुसत निघून गेला. मने, हा माणूस रोज विचारून जातो, काका, काही आणायचंय का. काल विचारलं नाही.

तेव्हापासून मी टाकीवर चादर टाकून समोर खुर्ची घेऊन बसतो. मधून मधून कोपरा उचलून कल्ले हलतात का बघतो. हलतात. पोटही जरा उतरलंय. ती जगेल. मग म्हातारा एवढा का घाबरलाय, असं तुला वाटेल.

जाळी आज सकाळी सापडली. उशीला इस्त्री करावी म्हणून आतल्या खोलीत गेलो, तर टेबलावर होती. स्वच्छ घासलेली, खाली टॉवेल, आणि चारी कोपऱ्यांवर वजनं. दोन जुन्या इस्त्र्या, एक कुलूप, बटणांचा पितळी डबा. भिजवलेलं कापड वाळताना तिरकं होऊ नये म्हणून मी असंच ठेवायचो आणि तू वजनं उचलून पळायचीस. असं दुसरं कोणी करत नाही. वायरमन तर नाहीच.

म्हणजे मीच बाही दुमडून पाण्यात हात घातला. जाळी ओढून काढली, घासली, टॉवेल अंथरला, वजनं मांडली. जाळीवर शेवाळ आलं होतं, एवढं आठवतं. पुढचं काही नाही. याला विसरणं म्हणत नाहीत गं. विसरलेलं कोणी दाखवलं की आठवतं. मी त्या टेबलापाशी कितीतरी वेळ उभा राहिलो, एक एक वजन उचलून पाहिलं. काही आठवलं नाही.

वर जाऊन वायरमनला खरं सांगितलं. म्हणाला, "होतं काका असं, वय झालं." चहा पाजला. त्याने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. दादालाही फोन करून सांगितलं.

आता तू म्हणशील, बाबा, एका माशावरून एवढं काय? मीही स्वतःला तेच म्हणून पाहिलं. पण समज, मी छोटीला टबात बसवलं आणि टॉवेल आणायला आत गेलो, आणि

हे वाक्य मला पुरं करायचं नाही.

नोकरी सोडू नकोस. दुसरी सोय बघ. मी तुमच्याकडे येऊन तिच्याशी खेळत बसेन, पण घरात आणखी एक माणूस हवं. आणि मला डॉक्टरकडे तू ने. एकटा गेलो तर मी त्यांना सगळं ठीक आहे असं सांगून परत येईन.

रविवारी तिला घेऊन ये. मी तिला मांडीवर घेईन, तू समोर बस. संध्याकाळी ती निघताना रडेल. मीही म्हणेन, राहू दे गं, काही होत नाही. माझं ऐकू नकोस. तिला घेऊनच जा.

तुझा,
बाबा