चुकायची मोकळीक

प्रिय ताई,

शनिवारी येतेस, आठवड्याची रजा टाकली आहेस आणि भिंगरीसाठी जोडाक्षरांची नवी कार्डं केली आहेस, हे सगळं काल फोनवर ऐकलं. मी नुसतं "बरं" म्हणाले. तुझ्यापुढे माझी गाडी "बरं"च्या पुढे कधी जातच नाही, लहानपणापासूनचं आहे ते. म्हणून हे पत्र. भिंगरीचे बाबा उद्या तुमच्या बाजूची बस नेणार आहेत, त्यांच्याच हाती पाठवते आहे. कागदावर तरी तू मला मध्येच तोडणार नाहीस.

इथे आम्ही बरे आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. भिंगरी बरी नाही. रोज सकाळी गणवेश घालताना तिचं पोट दुखतं आणि शाळेची वेळ टळली की थांबतं. फ्रॉकच्या कॉलरचा चावून चावून तिने चोथा केला आहे, घरी येते तेव्हा गळ्याशी ओली असते. परवा मी दुकानात चष्म्याच्या काचा घासत होते, तेवढ्यात शाळेतून फोन आला की येऊन घेऊन जा. पोरगी बाकाखाली जाऊन बसली होती आणि बाहेर यायला तयार नव्हती. वर्गाच्या बाईंनी फळ्यावरचा धडा वाचायला उभं केलं होतं, एवढंच कारण.

तुला आठवतं, पहिल्यांदा सगळे म्हणाले होते, डोळे तपासा. मी चष्म्याच्या दुकानातली, मला काय कमी! दोनदा तपासले, मालकांनी तिसऱ्यांदा तपासले. पोरीला समोरच्या इमारतीवरच्या कबुतराचा पाय लंगडा आहे हे दिसतं, पण पुस्तकातली अक्षरं तिच्यापुढे जागेवर बसत नाहीत. मग शाळेनेच सांगितलं की अशा मुलांसाठी आधारवर्ग आहे. मोजकी मुलं, एकच बाई, अक्षरं मातीत बोटाने गिरवून शिकवतात आणि कुणी घाई करत नाही. मी दारातून डोकावले होते. एक मुलगा एकाच शब्दाशी कितीतरी वेळ झटत होता आणि बाई शांतपणे बसून होत्या. मला तिथेच रडू आलं. प्रवेशासाठी एक चाचणी होती, आणि चाचणीच्या आधी तू आलीस.

ताई, तू काय केलंस ते तुला ठाऊक आहे, पण त्याचं काय झालं ते ठाऊक नाही. बहुतेक मुलांना वर्गातल्याच पुस्तकातून वाचायला देतात हे तू कुठूनसं काढलंस आणि अख्खं पुस्तक तिच्याकडून तोंडपाठ करून घेतलंस. ओळीखाली बोट कसं सरकवायचं, पान कधी उलटायचं, कुठे किंचित अडखळून पुढे जायचं, सगळं शिकवलंस. मलाही तू पाढे असेच शिकवले होतेस, केस विंचरता विंचरता, चुकलं की बट ओढून. माझं भलं झालं त्यात. आपल्या घरात परीक्षा म्हटली की पास व्हायचं, दुसरं काही आपल्याला कुणी शिकवलंच नाही. ही परीक्षा पास व्हायची नव्हती, हे तुझ्या ध्यानात आलं नाही. खरं सांगायचं तर त्या दिवशी आमच्याही आलं नाही. तपासणीच्या बाईंनी "छान वाचते हो" म्हटलं तेव्हा आपण सगळे आइस्क्रीम खायला गेलो होतो.

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. "वाचन वयाला साजेसं" असा शेरा पडला आणि आधारवर्गातली जागा दुसऱ्या मुलाला गेली. त्या मुलाचं भलं होवो. पण आधी वर्गातल्या बाई म्हणायच्या की हिला जमत नाही. आता म्हणतात, जमतं, पण करत नाही. या एका शब्दाने पोरीचं काय केलंय ते तुला बघवणार नाही. जमत नव्हतं तेव्हा कुणी ओरडत नव्हतं. आता ती आळशी आहे, नाटकी आहे, हट्टी आहे. तिलाही ते खरं वाटायला लागलंय.

मी मुख्याध्यापिकांना भेटले आणि सगळं सांगून टाकलं. तुझं नाव घेतलं नाही, घरच्यांनी पाठ करून घेतलं एवढंच म्हणाले. त्या म्हणाल्या, माझ्या मुलीला वाचता येत नाही हे पटवायला आलेली पहिलीच आई बघते आहे. त्यांनी माझं ऐकलं. आधारवर्गातून एक मूल दुसऱ्या गावी जातंय, ती जागा रिकामी होते आहे. सोमवारी पुन्हा चाचणी आहे, या वेळी कुणी न पाहिलेल्या मजकुरावर. जागा एकच आहे आणि त्यानंतर पुढच्या वर्षापर्यंत काही नाही. पुढच्या वर्षापर्यंत ही पोर अशीच बाकाखाली बसली तर काय करायचं, मला सुचत नाही.

काल वेणी घालताना मी तिला सांगितलं की मावशी येते आहे. आधी तिने उडीच मारली. तुझ्याइतकं तिला कुणी लागत नाही, हे मी सांगायला नको. मग तिने विचारलं, चाचणीच्या आधी की नंतर? मी म्हटलं, आधी. तेव्हा ती म्हणाली, "मग मला चुकता नाही येणार, आई. मावशीला वाईट वाटेल." ताई, त्यानंतर माझ्या हातून ती वेणी पुरी झाली नाही. म्हणून लिहिते आहे, आणि आयुष्यात पहिल्यांदा तुला नाही म्हणते आहे. शनिवारी येऊ नकोस. रागव, चार दिवस बोलू नकोस, पण येऊ नकोस. सोमवार उलटला की पहिल्या बसने ये, हवी तितकी राहा. सोमवारी तिला तिच्या मनासारखं चुकू दे. त्या खोलीत जाताना तिच्या मनात कुणाचीही शाबासकी नको, आणि सगळ्यांत आधी तुझी नको.

तुझीच, अजूनही तुला घाबरणारी,
धाकटी